आठव्या वर्षीची फ्रेंच

लहान मूल भाषा टिपकागदासारखी टिपून घेते, हे वाक्य पालकसभांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला पुरावा मागण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही. मुंबई-पुण्यातील काही महागड्या शाळांच्या माहितीपत्रकांत प्राथमिक वर्गांपासून फ्रेंच शिकविण्याचे आश्वासन ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि पालकही ते शुल्काच्या आकड्याशी ताडून पाहून समाधान पावतात. या साऱ्याच्या मुळाशी गृहीतक एकच आहे : जितके लवकर तितके चांगले. हे गृहीतक कितपत खरे आहे, याची परीक्षा एका देशाने दहा वर्षे, हजारो मुलांना सोबत घेऊन, सार्वजनिक खर्चाने केलेली आहे. तो देश इंग्लंड आणि ती भाषा फ्रेंचच. त्या परीक्षेचा निकाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील भाषाविषयक वादंगांत त्याचा उल्लेख अभावानेच आढळतो, ही खेदाची गोष्ट होय.

योजनेचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनचे साम्राज्य आवरते होत होते आणि युरोपशी जुळवून घेतल्यावाचून गत्यंतर नाही, हे तेथील राज्यकर्त्यांना उमगू लागले होते. १९६३ च्या जानेवारीत फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी युरोपीय सामायिक बाजारपेठेचे दार ब्रिटनच्या तोंडावर लावून घेतले. त्याच वर्षी ब्रिटनच्या शिक्षण मंत्रालयाने आणि नफिल्ड फाउंडेशन या विश्वस्त संस्थेने प्राथमिक शाळांतून फ्रेंच शिकविण्याची प्रायोगिक योजना जाहीर केली. ज्यांनी अर्ध्या जगाला आपली भाषा शिकावयास लावली, त्यांना शेजाऱ्याची भाषा शिकण्याची निकड अखेर जाणवली, असे कोणी म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

मात्र केवळ व्यापारी हिशेब हेच योजनेमागील कारण नव्हते. तोवर इंग्लंडमध्ये फ्रेंच ही वेचक मुलांची भाषा होती. अकराव्या वर्षी निवड परीक्षा होई. तीत जी मुले वरचढ ठरत ती ग्रामर स्कूलमध्ये जात आणि तेथे त्यांना फ्रेंच शिकावयास मिळे. उरलेल्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला परकी भाषा फारशी येत नसे. निवडीची कात्री लागण्यापूर्वी, आठव्या वर्षीच, सर्वांना एका वर्गात बसवून फ्रेंच शिकविली तर हा भेद पुसला जाईल, असा विचार त्यामागे होता आणि तो निश्चितच उदात्त होता. त्याला विज्ञानाचे पाठबळही मिळाले. माँट्रियलचे विख्यात मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी, भाषा आत्मसात करण्याची मेंदूची लवचिकता नवव्या वर्षानंतर ओसरू लागते, असे मत मांडले होते. एवढ्या मोठ्या अधिकारी पुरुषाचे मत म्हटल्यावर त्याचा वर्गातील फळ्याशी आणि खडूशी कितपत संबंध पोहोचतो, हे तपासण्याची गरज उत्साहाच्या भरात कोणास वाटली नाही. त्यातच टेपरेकॉर्डर हे नवे यंत्र शाळेत येऊन दाखल झाले होते. आता अस्सल फ्रेंच माणसाचा आवाज खेड्यातील शाळेतही ऐकू येणार होता.

१९६४ च्या सप्टेंबरात प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले. तेरा विभागांतील १२५ च्या आसपास प्राथमिक शाळा निवडण्यात आल्या. शिकविणारे होते ते नेहमीचेच वर्गशिक्षक. त्यांच्यासाठी भाषेचे सघन वर्ग घेण्यात आले, काहींना फ्रान्समध्येही पाठविण्यात आले. नफिल्ड फाउंडेशनने ‘आं नाव्हां’, म्हणजे ‘पुढे चला’, या नावाचा नवा पाठ्यक्रम तयार करविला. त्यात ध्वनिफिती होत्या, फलक होते, फ्लॅनेलच्या फळ्यावर लावावयाची चित्रे होती. आरंभीचा काळ केवळ ऐकणे आणि बोलणे. वाचन व लेखन नंतर. ज्या सिद्धतेने हे सर्व करण्यात आले तशी सिद्धता आपल्याकडे एखाद्या विषयाच्या प्रारंभी क्वचितच होते, हे मान्य केले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, योजनेचे मूल्यमापन योजना चालविणाऱ्यांच्या हाती न ठेवता राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन प्रतिष्ठान या स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आले. मुलांच्या तीन तुकड्या, मिळून सुमारे १८ हजार मुले, वर्षानुवर्षे चाचण्यांखालून गेली. क्लेअर बर्स्टॉल या संशोधिकेने या कामाची धुरा वाहिली. १९७४ साली प्रकाशित झालेल्या तिच्या अंतिम अहवालाचे नावच ‘प्रायमरी फ्रेंच इन द बॅलन्स’ असे होते. तराजूत घातलेली प्राथमिक फ्रेंच!

तराजूने काय दाखविले? आठव्या वर्षी फ्रेंच सुरू केलेली मुले आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुले सोळाव्या वर्षी शेजारी उभी केली, तेव्हा तीन वर्षे आधी निघालेल्यांची आघाडी जवळजवळ विरून गेलेली आढळली. ऐकून समजण्यात तेवढी त्यांची थोडी सरशी टिकली होती. एरवी उशिरा निघालेल्यांनी त्यांना गाठलेले होते. उलट बाजूने पाहिले असता चित्र अधिकच स्पष्ट होते. समान काळ शिकलेल्या दोन गटांची तुलना केली तर मोठ्या वयाचा गट बहुतेक बाबतींत पुढे असे. मोठे मूल अधिक वेगाने शिकते, कारण त्याच्यापाशी आपल्या भाषेचे व्याकरण, वाचनाची सवय आणि विचार करण्याची शिस्त ही सामग्री आधीच जमलेली असते.

अहवालात इतरही बरेच आहे आणि ते सरसकट निराशाजनक नाही. फ्रेंचमुळे अन्य विषयांची हानी होईल, ही भीती निराधार ठरली. लहानशा ग्रामीण शाळांतील मुलांनी मोठ्या शाळांतील मुलांपेक्षा सातत्याने चांगले गुण मिळविले, हे अनेकांना अनपेक्षित होते. जेथे शिक्षक प्रत्येक मुलाला ओळखतो तेथे भाषाही लवकर रुजते, असे त्यावरून दिसते. मुख्याध्यापकाची फ्रेंचविषयी आस्था असली तर त्या शाळेचा निकाल निराळा, नसली तर निराळा. मुलांनी स्वतः दिलेली उत्तरे तर प्रत्येक शिक्षकाने वाचावीत अशी आहेत. ज्या टेपरेकॉर्डरवर तज्ज्ञांनी एवढी भिस्त ठेवली होती, तो मुलांना आवडत नव्हता. त्यातला आवाज भरभर बोलून निघून जाई आणि मागे उरे तो गोंधळ.

पण अहवालातील सर्वांत खोल निष्कर्ष निराळाच होता. गोडी असली की यश मिळते, अशी आपली सर्वसाधारण समजूत. बर्स्टॉल यांना आढळले ते बहुतांशी याच्या उलट : प्रथम यश येते आणि मग गोडी लागते. ज्या मुलांना आरंभीच्या दोन वर्षांत फ्रेंच जमली नाही त्यांच्या मनात तिच्याविषयी जी नावड बसली, ती पुढेही राहिली. म्हणजे सर्वांना समान संधी देण्यासाठी जी गोष्ट लवकर सुरू केली तिनेच कित्येकांच्या मनाची दारे आठव्या-नवव्या वर्षी बंद केली. अकराव्या वर्षी ज्याने फ्रेंचचे पुस्तक प्रथमच उघडले त्याच्या पदरी निदान पूर्वीचे अपयश तरी नव्हते.

अहवालावर टीकाही झाली आणि ती सर्वस्वी गैर नव्हती. प्रायोगिक शाळांतून आलेली मुले माध्यमिक शाळेत गेली तेव्हा अनेक ठिकाणी त्यांना नवशिक्यांच्याच वर्गात बसविण्यात आले. तीन वर्षे फ्रेंच शिकलेले मूल पुन्हा ‘बोंझूर’पासून आरंभ करते, हे दृश्य ज्या वर्गात दिसेल तेथे लवकर सुरू करण्याचा लाभ सोळाव्या वर्षापर्यंत टिकावा तरी कसा? टीकाकारांचे हे म्हणणे योग्यच होते. परंतु त्यातून निष्कर्ष निघतो तो हाच की, लवकर सुरू करणे ही गोष्ट स्वयंभू नाही. मागे शिक्षक आणि पुढे सातत्य नसेल तर तीन वर्षांची मिळकत पाण्यात जाते.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आठवड्याला पाऊण तास, वर्षाचे ३८ आठवडे, अशी चार वर्षे. बेरीज होते ११४ तास. घरातले लहान मूल मातृभाषा दिवसाचे दहा तास ऐकते असे धरले, तर तेवढे तास बारा दिवसांतच भरतात. टिपकागदाची उपमा खोटी नाही. पण टिपकागद शाईत बुडवावा लागतो, आठवड्यातून एकदा शाईच्या दौतीजवळून नेऊन चालत नाही. मूल भाषा आपोआप उचलते ते ती भाषा त्याच्याभोवती दिवसरात्र नांदत असते म्हणून. तास ठरावीक आणि थोडे असतील तर आपोआप शिकण्याची ती बालसुलभ शक्ती कामीच येत नाही. तेथे मोठ्या मुलाची जाणीवपूर्वक शिकण्याची शक्ती उपयोगी पडते. बार्सिलोना येथे कार्मेन मुन्योझ यांनी पुढे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातही उशिरा आरंभ करणारे अधिक वेगाने पुढे जातात, असेच दिसून आले.

याच्या उलट उदाहरण कॅनडातील आहे, आणि ते ठेवल्याशिवाय हे विवेचन एकांगी होईल. क्वेबेक प्रांतातील सँ-लाँबेर या माँट्रियलच्या उपनगरात १९६५ साली काही इंग्रजी भाषक पालकांनी आपल्या मुलांसाठी संपूर्ण फ्रेंच माध्यमाचा बालवर्ग सुरू करविला. क्वेबेकमधील बहुसंख्य फ्रेंच भाषक समाज तेव्हा जागा होत होता आणि फ्रेंचवाचून पुढे निभाव लागणार नाही, हे या पालकांनी वेळीच ओळखले होते. आरंभीची वर्षे सर्व शिक्षण फ्रेंचमधून. इंग्रजीचे वाचन-लेखन दुसरीत सुरू होई. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांची पाहणी केली. काही वर्षांत ही मुले इंग्रजीतही आपल्या समवयस्कांच्या बरोबरीस आली आणि फ्रेंच समजण्यात त्यांनी मोठी मजल मारली. त्यांच्या बोलण्यात व्याकरणाच्या चुका पुढेही राहिल्या, हा भाग निराळा. हा प्रयोग यशस्वी झाला, पण तो आठवड्याच्या दोन तासिकांचा नव्हता; ती संपूर्ण शाळाच फ्रेंच होती. आणि माँट्रियलमध्येच पुढे झालेल्या पाहण्यांत सातवीपासून अशा फ्रेंच माध्यमात आलेली मुलेही बालवर्गापासून आलेल्यांच्या बरीच जवळ पोहोचल्याचे आढळले.

याच लँबर्ट यांनी एक भेद मांडला, जो महाराष्ट्रातील पालकांनी विशेषत्वाने समजून घ्यावा असा आहे. काही द्विभाषिकता भर घालणारी असते. पहिली भाषा भक्कम असते आणि दुसरी तिच्यावर चढते. काही द्विभाषिकता वजाबाकी करणारी असते. दुसरी येते आणि पहिलीला घरातून हुसकून लावते. सँ-लाँबेरच्या मुलाची इंग्रजी कधीच धोक्यात नव्हती. घर, मित्र, चित्रवाणी, बाजारपेठ, सारे काही तिच्या बाजूचे होते. म्हणून त्याला पाचव्या वर्षी फ्रेंचच्या पाण्यात सोडणे परवडले.

इंग्लंडची गोष्ट १९७४ साली संपली नाही. अहवालानंतर राष्ट्रीय योजना थांबली, तुरळक शाळांतून फ्रेंच चालू राहिली. मग २००२ साली तेथील सरकारने नवे भाषा धोरण आखले आणि २०१० पर्यंत प्राथमिक शाळेतील सात ते अकरा वयाच्या प्रत्येक मुलाला परकी भाषा शिकण्याची संधी मिळेल, असे अभिवचन दिले. त्याच धोरणाने चौदाव्या वर्षानंतरची भाषेची सक्ती मात्र काढून टाकली. २००४ पासून हा बदल अमलात आला आणि दशकभरात सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला फ्रेंच घेणाऱ्यांची संख्या निम्म्याच्या घरात आली. खालचा मजला चढवीत असताना वरचा मजला पाडण्याचा हा प्रकार झाला. २०१४ च्या सप्टेंबरपासून सातव्या वर्षापासून परकी भाषा सक्तीची करण्यात आली. भाषा कोणती, हे शाळेने ठरवावयाचे. लॅटिन वा प्राचीन ग्रीकही चालते, पण बहुसंख्य शाळांनी फ्रेंचच निवडली, कारण शिक्षकांना थोडीबहुत तीच येत होती. तक्रारी ऐकाव्यात तर त्या १९७४ च्याच : शिक्षकांची तयारी अपुरी, वेळ तुटपुंजा आणि माध्यमिक शाळेत गेल्यावर पुन्हा ‘बोंझूर’. ज्या राष्ट्राने एवढा प्रामाणिक अहवाल लिहिला, त्यानेच तो फडताळात ठेवून दिला! दरम्यान जानेवारी २०२० अखेर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेरही पडले. ज्या दारासाठी फ्रेंच शिकण्याचा खटाटोप मांडला होता, ते दार त्याने स्वहस्ते ओढून घेतले.

फ्रान्सचे या बाबतीतील वर्तन बोधप्रद आहे. स्वभाषेविषयी तो देश किती दक्ष आहे, हे सांगावयास नको. तेथील भाषा अकादमी १६३५ ची आणि सार्वजनिक व्यवहारात फ्रेंचच्या वापराचा आग्रह धरणारा तूबाँ कायदा १९९४ चा. याच फ्रान्सने आपल्या पोटातील ब्रेटन, ऑक्सिटन यांसारख्या भाषांना मात्र शाळेतून जवळजवळ हद्दपार केले. १८८१-८२ च्या जूल फेरी यांच्या शिक्षण कायद्यांनंतर ब्रिटनी प्रांतात ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात अपमानाचे चिन्ह अडकविण्याची प्रथा पुढे कित्येक वर्षे चालली. बालवयात वजाबाकी कशी होते, याचे हे विदारक उदाहरण. आजचा फ्रान्स पहिलीपासून परकी भाषा शिकवितो, २०१६ पासून तसा नियमच आहे, आणि ती भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजी असते. पण त्या इंग्रजीखाली फ्रेंचची जमीन पक्की आहे, याविषयी तेथे कोणास शंका नसते.

मराठी माणसांचा फ्रेंचशी प्राथमिक शाळेतील खरा संबंध पाहावयाचा असेल तर मॉरिशसला जावे लागेल. एकोणिसाव्या शतकात कोकणातून जी कुटुंबे उसाच्या मळ्यांवर गेली त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. त्यांची मुले पहिलीपासून इंग्रजी आणि फ्रेंच शिकतात आणि ऐच्छिक भाषा म्हणून मराठीही घेऊ शकतात. घरात मात्र क्रिओल चालते. ती मुले फ्रेंच सहज उचलतात, कारण क्रिओलचा बहुतेक शब्दसंग्रह फ्रेंचमधूनच आला आहे आणि वृत्तपत्रेही मुख्यत्वे फ्रेंचच आहेत. तेथे फ्रेंच ही परकी भाषा म्हणावी की शेजारीण, हाच प्रश्न पडावा. शिकविणाऱ्यांना खरे कष्ट पडतात ते मराठीसाठी, कारण ती घरातून ओसरली आहे. इंग्लंडमधील फ्रेंचच्या शिक्षकाला जे भोगावे लागले तेच मॉरिशसमधील मराठीच्या शिक्षकाच्या वाट्याला येते. वय दोन्हीकडे तेच. फरक पडतो तो भोवतालच्या हवेचा.

भारतात अशी हवा निर्माण करून दाखविल्याचे उदाहरण पुदुच्चेरीचे आहे. श्रीअरविंद आश्रमाची शाळा माताजींनी १९४३ साली सुरू केली. माताजी स्वतः पॅरिसच्या. तेथे फ्रेंच हा केवळ एक विषय न राहता गणित आणि विज्ञान यांच्या अध्यापनाचे माध्यम बनला, आणि शिक्षकही आश्रमात राहणारे, फ्रेंच वापरणारे. ही सिद्धता असल्यानेच तो उपक्रम टिकला. स्वतः श्रीअरविंदांचे चरित्र या संदर्भात विलक्षण आहे. सातव्या वर्षी त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. मुलांवर भारतीय संस्कारांची सावलीही पडू नये, असा वडिलांचा आग्रह होता. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच यांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले आणि बडोद्याच्या महाविद्यालयात त्यांनी फ्रेंचही शिकविली. पण बंगाली ही स्वतःची भाषा त्यांना मोठेपणी, जाणीवपूर्वक शिकून घ्यावी लागली. त्यांच्यासारख्या प्रज्ञावंताला ते साधले. सामान्य मुलाला ते साधेलच, असे गृहीत धरता येत नाही.

आता मुंबई-पुण्यातील त्या सहा वर्षांच्या मुलाकडे पाहावे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी माध्यम. इंग्रजीची अक्षरे आणि उच्चार यांचा मेळ अजून बसलेला नाही. अशा वेळी त्याच रोमन लिपीतून फ्रेंच येते. ज्या पाच अक्षरांचा उच्चार सकाळच्या तासाला ‘टेबल’ होता, त्याच पाच अक्षरांचा दुपारी ‘ताब्ल’ होतो. आठ अक्षरे लिहून उच्चार करावयाचा तो केवळ ‘बोकू’! इंग्रजी स्पेलिंगच्या चक्रव्यूहात नुकत्याच शिरलेल्या मुलाला हा दुसरा चक्रव्यूह. वर्षअखेरीस त्याच्या पदरी पडते ते एक गाणे, दहापर्यंतचे आकडे, रंगांची नावे आणि स्नेहसंमेलनात टाळ्या मिळविणारे एक वाक्य. पालक हरखून जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्या टाळ्यांखेरीज दुसरे कोणतेही माप त्यांच्या हाती दिलेले नसते.

वास्तविक मराठी मुलाला फ्रेंच इंग्रज मुलापेक्षा सोपी जावी. निर्जीव वस्तूलाही लिंग असते, ही बातमी इंग्रज मुलाला चक्रावून टाकते. मराठी मुलाला ‘ती खुर्ची’ आणि ‘तो दरवाजा’ हे कोणी शिकवावे लागत नाही. फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी आहे, हे ऐकून ते फार तर हसेल. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ यांतील अंतर समजावयास इंग्रज विद्यार्थ्याला पानभर नियम लागतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या घरातील मुलाला तो एका वाक्यात कळतो. फ्रेंचमधील अनुनासिक स्वर कोकणातल्या मुलाच्या नाकात आधीपासूनच वस्तीला आहेत. आकड्यांचेही तसेच. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार वीस’ म्हणतो. विसांनी मोजण्याची रीत आपल्या जुन्या पिढीला परकी नव्हती. नव्याण्णवला तर तो ‘चार वीस दहा नऊ’ म्हणतो, आणि मुलांना अवघड जाते म्हणून ते बदलावे, असे फ्रान्समधील सरकारला अजून वाटलेले नाही. आपल्याकडे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस दोन’ आले तेव्हा जो गदारोळ झाला, तो स्मरणात आहेच. पण फ्रेंच शिकण्याची ही सर्व पूर्वतयारी ज्या मराठीत साठविलेली आहे, ती मराठीच मुलाला धड येत नसेल तर ती तयारी त्याच्या काय कामाची? त्याला इंग्रज मुलाच्याच अडचणी येणार, आणि त्याही इंग्रज मुलाच्या इंग्रजीवाचून.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परकी भाषा माध्यमिक स्तरावर उपलब्ध करून देण्याचे म्हटले आहे. फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन इत्यादी भाषांची नावेही त्यात आहेत. पायाभूत वर्षांत मात्र मातृभाषेवर भर आहे. बर्स्टॉल अहवालाच्या कसोटीवर हा क्रम उतरतो. परंतु धोरण एक आणि बाजार दुसरा. खाजगी शाळांच्या माहितीपत्रकांवर धोरणाचा अंकुश चालत नाही, आणि शासनालाही वयाचा हा प्रश्न फारसा सुचत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात फेरफार झाला आणि २९ जूनला तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. त्या अडीच महिन्यांत मोर्च्यांच्या घोषणा झाल्या, अस्मितेची भाषणे झाली, परस्परांच्या हेतूंवर शंका घेण्यात आल्या. हिंदी ही भारतीय भाषा, फ्रेंच परकी. दोहोंची तुलना सर्वांगाने होऊ शकत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाच्या तासिकेत तिसरी भाषा घातल्यास सोळाव्या वर्षी त्याच्यापाशी काय उरते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. त्याचे उत्तर आपल्या शाळांत, आपल्या मुलांच्या चाचण्यांतून काढावे, असे सुचविणारा आवाज त्या कोलाहलात क्षीणच होता. इंग्लंडने निदान तराजू तरी आणला होता.

पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तेथे फ्रेंचच्या पहिल्या वर्गात येणारा विद्यार्थी शाळकरी वय ओलांडलेला असतो, कित्येकदा नोकरी करणाराही असतो. पेनफील्ड यांच्या हिशेबाने त्याची वेळ केव्हाच टळून गेलेली. तरीही त्यातले काही जण चिकाटीने शिकतात, दुभाषी होतात, अनुवादक होतात, पुढे स्वतः फ्रेंच शिकवितात. त्यांच्या जिभेवर पॅरिसचा हेल पूर्णपणे चढत नाही, हे खरे. तेवढी गोष्ट आठव्या वर्षी सुरू करणाऱ्याला अधिक साधते.